हरभरे शिजेनात, लिंबू पिवळं पडलंय (एकाच धाग्यात दोन रडगाणी)

उंबरठा

दोन वेगळे धागे काढायचा कंटाळा आलाय, म्हणून एकातच लिहिते. एक रडगाणं स्वयंपाकघरातलं, दुसरं गॅलरीतलं.

पहिलं. काबुली हरभरे रात्रभर भिजवले. सकाळी चांगले टम्म फुगले होते. कुकरला आठ शिट्ट्या काढल्या, मग दोन अजून. साल सुटून वर तरंगतेय आणि आतला दाणा मात्र दाबला तर खडूसारखा फुटतो. सुरीने मधोमध कापून पाहिला, बरोबर मध्ये पांढरा कोरडा ठिपका. हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण दर वेळी असंच. दुकान बदललं, पुडा बदलला, कुकरची रिंगसुद्धा बदलली.

दुसरं. कुंडीतलं लिंबू. तीन वर्षांचं झाड, आधी छान होतं. गेले काही महिने नवीन येणारी पानं पिवळी येतात. पिवळी म्हणजे अगदी लिंबासारखी, पण शिरा हिरव्या. जणू कोणी हिरव्या पेनाने पानावर नदीचा नकाशा काढलाय. शेणखत घातलं, सालींचं पाणी घातलं, कोणीतरी सांगितलं म्हणून गंजका खिळासुद्धा मातीत खोचला. काही फरक नाही.

मदत करा. उपदेश चालेल, फक्त "प्रेमाने बोला झाडाशी" नको. बोलून झालंय.

आळशीराजा

हरभरे जुने असणार. कडधान्य जितकं जुनं तितकं हट्टी. उकाड्यात आणि दमट जागी साठवलेलं असेल तर आणखीच. मग कितीही भिजवा, शिजत नाही ते नाहीच. पिठाची गिरणी दाखवा त्याला.

लिंबाचं माहीत नाही. माझ्याकडची झाडं प्लॅस्टिकची आहेत, त्यांना फक्त धूळ लागते.

चिमूटभर

जुनं असणं हे एक कारण, पण दुकान बदलूनही तेच होतंय म्हणजे खोट दुसरीकडे आहे. उंबरठाताई, दोन प्रश्न. कुकर लावताना आत टोमॅटो, लिंबू, दही यातलं काही असतं का? आणि मीठ कधी घालता?

उंबरठा

टोमॅटो असतो. कांदा-टोमॅटो परतून त्यातच हरभरे आणि पाणी घालून कुकर लावते, म्हणजे एकच भांडं घासावं लागतं. मीठ मात्र शेवटी. आधी मीठ घातलं की दाणा कडक होतो असं आई सांगायची.

चिमूटभर

आईंचा मान राखून सांगते, यात मिठाचा दोष नाही. उलट भिजवतानाच पाण्यात मीठ घाला. एक लिटरला एक मोठा चमचा. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं, दाणे धुवायचे. साली जास्त मऊ होतात आणि फाटतही नाहीत.

का ते थोडक्यात. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे हा डिंक विरघळणं. या डिंकाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि पकड ढिली होते. आंबट पदार्थ याच्या बरोबर उलट वागतात, डिंक विरघळूच देत नाहीत. म्हणून तुमचा टोमॅटो हा पहिला आरोपी. तो दाणे मऊ झाल्यावर घालायचा. एक भांडं जास्त घासावं लागेल, इलाज नाही.

मिठाचाखडा

+१. टोमॅटोत शिजवलेला बटाटासुद्धा तासभर कडक राहतो, कारण तेच.

अवांतर: कोणी राजमा करत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तो अर्धवट शिजलेला खाऊ नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, थोडेसे दाणेही जोरदार उलट्या करवतात. भिजवलेलं पाणी टाकून ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळ उकळायला हवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकू नये, कारण तिथे उकळीच येत नाही आणि दाणा मऊ दिसला तरी ते विष तसंच राहतं. कुकरमध्ये व्यवस्थित शिजवलात तर काळजी नाही.

जुनंखोड

मी स्वयंपाकातला नाही, मातीतला. लिंबाकडे येतो.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जुनी, खालची पानं पिवळी झाली असती तर मी दुसरं काही म्हटलं असतं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्याला देतं, म्हणून खालचं पान आधी आणि सगळंच पिवळं होतं. मॅग्नेशियमचंही तसंच, खालून सुरुवात. लिंबाच्या पानात तर देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकी पिवळं पडतं. लोह मात्र झाडाला एका पानातून काढून दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून झळ थेट कोवळ्या पानाला बसते.

आता गंमत अशी की मातीत लोह बहुधा भरपूर असतं. ते झाडाला घेता येत नाही, कारण मातीचा सामू, म्हणजे पीएच, वर गेलेला असतो. सामू साडेसहाच्या वर सरकायला लागला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जाऊन बसतं. भरल्या ताटासमोर हात बांधून बसवल्यासारखं. खिळा खोचून काय होणार? गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह. खिळा काढून घे, कुंडी बदलताना बोटात घुसेल.

मला सांग, कुंडीच्या काठाला किंवा मातीवर पांढरं काही साचलंय का?

उंबरठा

आहे! मातीवर पांढरी पापडी आहे आणि कुंडीच्या बाहेरून पांढरे ओघळ. मला बुरशी वाटली होती. खरवडली तर पावडर होते.

जुनंखोड

बुरशी असती तर कापसासारखी असती आणि बोटाने पुसली गेली असती. ते क्षार आहेत. पाणी कुठलं घालतेस?

चिमूटभर

आणि मी विचारते, तुमच्या चहावर साय नसताना एक चकचकीत पापुद्रा येतो का? कोऱ्या चहावर? किटलीच्या तळाला पांढरा थर?

उंबरठा

बाई गं. दोन्हीला हो. किटली तर व्हिनेगर घालून महिन्यातून एकदा उकळावी लागते.

पाणी म्हणाल तर पिण्यासाठी आरओ फिल्टर आहे. त्यातून जे पाणी वाया जातं ते मी बादलीत साठवते आणि झाडांना घालते. नाही तर इतकं पाणी गटारात जातं, जीव तुटतो. स्वयंपाकाला नळाचंच. उकळतंच ना शेवटी.

जुनंखोड

सापडला चोर.

चिमूटभर

एकाच वेळी दोघांना सापडला! तुमची दोन रडगाणी नाहीत, एकच आहे. पाणी जड आहे.

जड पाणी म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. मी वर म्हटलं ना, पेक्टिनला तेच घट्ट धरून ठेवतात? तुम्ही हरभरे रात्रभर त्याच पाण्यात भिजवता, म्हणजे दाणा रात्रभर कॅल्शियम पितो. मग सकाळी त्याच पाण्यात शिजवता आणि वर टोमॅटो. दाण्याने शिजावं तरी कसं?

जुनंखोड

आणि बादलीचं ऐक. फिल्टर काय करतो? शुद्ध पाणी एकीकडे काढतो आणि क्षार उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर सोडतो. घरगुती यंत्र एक तांब्या चांगलं पाणी देताना दोन-तीन तांबे बाहेर टाकतं. म्हणजे नळाच्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार आता कमी पाण्यात, साधारण सव्वा-दीडपट गाढे. ते तू लिंबाला पाजतेस. पाणी उडून जातं, क्षार मातीत राहतात, उद्या त्यात अजून भर. कुंडीला पळायला जागा नाही. जमिनीत लावलेलं झाड हे बराच काळ सोसतं, कुंडीतलं नाही.

शिवाय या पाण्यात बायकार्बोनेट असतात. तेच मातीचा सामू वर चढवतात. वर लोहाचं सांगितलं, त्याची सुरुवात इथे.

तुझा हेतू चांगला होता गं. त्या पाण्याने फरशी पूस, संडासात टाक, झाडू धू. झाडाला नको.

उंबरठा

मी इतके दिवस विष पाजत होते आणि वर प्रेमाने बोलत होते. अरेरे.

दुपारचीझोप

मग पाणी मऊ करणारं यंत्र बसवून टाका की, एका दगडात दोन पक्षी. आमच्याकडे आहे, डाळी लोण्यासारख्या शिजतात.

जुनंखोड

दुसरा पक्षी मरेल, पण वेगळ्या अर्थाने. ते यंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतं. हरभऱ्याला ते आवडेल, झाडाला नाही. सोडियमने मातीची घडण बिघडते, ती चिकट, गच्च होते आणि पानांच्या कडा करपतात. यंत्र असेल तर झाडांसाठी त्याच्या आधीचा नळ वापरायचा.

दुपारचीझोप

अच्छा!! म्हणून माझं जास्वंद कडेने तपकिरी होतंय की काय. उठून बघते.

मोजपट्टी

भावनेत वाहून जाण्याआधी मोजा. पाणी किती जड आहे ते मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगतात, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. 60 पर्यंत मऊ, 120 पर्यंत मध्यम, 180 पर्यंत जड, त्यापुढे फार जड. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडे याच्या पट्ट्या मिळतात.

टीडीएस मीटर दाखवून "माझं पाणी अमुक इतकं जड" म्हणू नका. तो मीटर विजेचं वहन मोजतो, म्हणजे सगळे विरघळलेले क्षार एकत्र. त्यातलं कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. मऊ करणाऱ्या यंत्राच्या आधी आणि नंतर मोजून पाहा, आकडा जवळपास तोच येतो. लोक मग यंत्रवाल्याशी भांडतात.

पट्टी नसेल तर घरचा उपाय. झाकणाच्या दोन बाटल्या. एकीत नळाचं पाणी अर्धं, दुसरीत फिल्टरचं अर्धं. दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस, डिटर्जंट नको. दहा वेळा हलवा. मऊ पाण्यात फेस उभा राहतो, जड पाण्यात फेस जेमतेम येतो आणि पाणी दुधाळ, गढूळ होतं.

मिठाचाखडा

किंवा ताईंनी हरभऱ्यांवरच प्रयोग करावा. शेवटी खायचंय तेच.

उंबरठा

केला. रविवार सत्कारणी.

वीस दाणे नळाच्या पाण्यात भिजवले, वीस फिल्टरच्या. दोन्हींत मीठ नाही, टोमॅटो नाही. कुकर नाही, दोन सारखी पातेली आणि शेजारीशेजारी दोन बर्नर, म्हणजे मध्ये झाकण काढून बघता येईल. दर दहा मिनिटांनी प्रत्येक पातेल्यातला एक दाणा अंगठा आणि बोटात दाबायचा.

अर्ध्या तासाला दोन्ही कडक. चाळीस मिनिटांना फिल्टरवाला दाबला तर चेपला, पण मध्ये कणी. पन्नास मिनिटांना पूर्ण मऊ. बोटांमध्ये नुसती पिठी झाली. नळवाला? सव्वा तास झाला तरी साल वेगळी आणि दाणा वेगळा, मध्ये तोच पांढरा ठिपका. मग मी गॅस बंद केला, कारण नवरा विचारायला लागला की चाळीस हरभऱ्यांसाठी दोन शेगड्या का चालू आहेत.

बाटल्यांचा प्रयोगही केला. नळाचं पाणी ताकासारखं झालं. माझा अजून विश्वास बसत नाहीये.

चिमूटभर

काय सुंदर! आता पद्धत ठरवून टाका. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी, भिजवताना मीठ, आंबट शेवटी.

फिल्टरचं पाणी नसेल त्यांच्यासाठी: नळाचं पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, तळाचा गाळ न हलवता वरचं ओतून घ्यायचं. जड पाण्याचा काही भाग उकळल्यावर तळाशी बसतो, किटलीत बसतो तोच थर. सगळा जडपणा जात नाही, पण फरक पडतो.

खाण्याचा सोडा हा शेवटचा उपाय. वाटीभर दाण्यांना दोन चिमटी, त्याहून जास्त नाही. सोड्याने दाणे पटकन मऊ होतात हे खरं, पण जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाण्यांचा लगदा होतो आणि बी१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मला तो वास लगेच कळतो, म्हणून मी वापरत नाही. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

आळशीराजा

म्हणजे माझा "जुने हरभरे" हा निकाल रद्द?

चिमूटभर

या खटल्यात रद्द. दुसऱ्या खटल्यात लागू होईल. फिल्टरच्या पाण्यातही दाणा शिजला नाही तर तो जुनाच.

नवशिका

मध्येच विचारतो, रस्सा खारट झाला तर बटाटा टाकला की मीठ शोषतो ना? काल टाकला, काही झालं नाही.

चिमूटभर

होणारही नाही. बटाटा मीठ वेचून घेत नाही, खारट पाणी शोषतो. तो काढून टाकलात तर रस्सा कमी होतो, खारटपणा तेवढाच. पाणी किंवा बिनमिठाचं काही घालून वाढवा, हाच उपाय. थोडं आंबट किंवा गोड घातलं तर जीभ फसते, तेही चालतं. बाकी वेगळा धागा काढा, इथे लिंबू आजारी आहे.

जुनंखोड

हं, लिंबू. उंबरठा, क्रमाने कर.

आधी बोट मातीत दोन पेरं घाल. ओलं लागलं तर आज पाणी नाही. हे मी सगळ्यांनाच सांगतो, कारण मुळं कायम ओल्यात राहिली तर त्यांना हवा मिळत नाही आणि त्यामुळेही लोह उचललं जात नाही. कुंडीच्या तळाला खडे भरले असतील तर त्यांचाही निचऱ्याला उपयोग नाही. पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं. भोक मोकळं असलं की पुरे.

माती पुरेशी कोरडी झाली की धुलाई. वरची पांढरी पापडी सेंटिमीटरभर मातीसकट खरवडून टाक. मग पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, नाही तर फिल्टरचं चांगलं पाणी सावकाश ओत, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट तरी, आणि खालून निघून जाऊ दे. ताटलीत साचलेलं पाणी फेक, नाही तर कुंडी ते परत पिते. एसीतून टपकणारं पाणीही मऊ असतं. फुलझाडांना मी घालतो, खायच्या झाडांना नाही, कारण ते धातूच्या नळ्यांवरून येतं.

मग चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवल्यामुळे विरघळलेलं राहणारं लोह. नुसतं "लोह" म्हणून आणू नकोस, पुड्यावर काय लिहिलंय ते वाच. ईडीटीए लिहिलेलं साडेसहा सामूपर्यंत बरं चालतं, त्यावर त्याची पकड सुटते. तुझ्या कुंडीला ईडीडीएचए लागेल. ते चांगलं गडद लाल रंगाचं असतं, फरशीवर सांडलं तर डाग जात नाही. प्रमाण पुड्यावरचंच. औषध जास्त घातलं की लवकर बरं वाटतं, हा माणसांचा गैरसमज, झाडांवर लादू नये.

व्हिनेगर, लिंबाचा रस ओतून सामू उतरवायला जाऊ नकोस. एका पाण्यापुरता उतरतो, पुन्हा चढतो, आणि अंदाज चुकला तर मुळं भाजतात.

मातीकाम

जुनंखोड काकांना पूर्ण अनुमोदन. अजून एक भर: जी पानं आधीच पिवळी झालीत ती बहुतेक तशीच राहतील. त्यांच्याकडे बघून औषध लागू पडलं नाही असं समजू नका. पुढची फूट बघायची. आणि ती पानं तोडू नका, थोडंफार अन्न तीही बनवतात.

माझा एक प्रश्न याच पाण्यावरून. माझ्या टोमॅटोंचं बूड काळं पडून चामड्यासारखं होतं. ते कॅल्शियम कमी पडल्यामुळे होतं म्हणतात. मग मला उंबरठाताईंचं पाणी पाठवा की!

जुनंखोड

हाहा. पाठवूनही उपयोग नाही. मातीत कॅल्शियम बहुधा असतं, फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्याबरोबर वाहत जातं. दोन दिवस कुंडी कोरडी ठणठणीत आणि तिसऱ्या दिवशी पूर, असं केलं की वाढत्या फळाच्या टोकाला पोचायच्या आत रसद तुटते. रोज एका वेळी, एकसारखं पाणी दे आणि मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाल. अंड्याची टरफलं कुजायला फार वेळ लागतो, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. एप्सम सॉल्ट तर मुळीच नको. ते मॅग्नेशियम आहे, कॅल्शियमच्या वाटेत उभं राहतं.

मातीकाम

एप्सम सॉल्ट कालच घातलं. गप्प बसते.

उंबरठा (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतेय, हिशोब द्यायला.

हरभरे: बरोबर जमतात. मिठाच्या पाण्यात भिजवून, फिल्टरच्या पाण्यात शिजवून, टोमॅटो नंतर. आधी दहा शिट्ट्या लागत होत्या, आता चार. काल तर थोडे जास्तच मऊ झाले. ही तक्रार करायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

लिंबू: कुंडी तीन वेळा धुतली, लोह दोनदा दिलं. पहिले तीन आठवडे काहीच नाही, मी धीर सोडला होता. मग शेंड्याला चार पानं आली, आधी तांबूस, मग हिरवी. शिरा आणि पान एका रंगाचं! खालची जुनी पिवळी पानं मातीकामने सांगितल्यासारखी तशीच आहेत, त्यामुळे झाड दोन मजली दिसतं, वर हिरवं, खाली पिवळं. बादली संडासात गेली. नवरा फरशीवरचा लाल डाग दाखवून रोज आठवण करून देतो की काकांनी आधीच सांगितलं होतं.

आता नवीन. त्याच कोवळ्या शेंड्यावर बारीक हिरवे किडे गर्दी करून बसलेत, पानं चिकट झालीत आणि मुंग्यांची रांग लागलीये. मुंग्या त्यांना खातायत का? मग राहू देऊ?

जुनंखोड

मावा आहे. मुंग्या त्याला खात नाहीत, राखण करतात. माव्याच्या अंगातून जो गोड चिकटा निघतो तो त्यांना हवा असतो, म्हणून त्याला खाणाऱ्या किड्यांनाही त्या हुसकावतात. आधी मुंग्यांची वाट बंद कर. खोडाभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळ आणि तिच्यावर व्हॅसलीनचं कडं दे, म्हणजे सालीला लागणार नाही. फांद्या भिंतीला टेकलेल्या नकोत, नाही तर त्या तिकडून येतील.

मग शेंडा दोन बोटांत धरून हलकेच चोळ, निम्मा मावा तिथेच संपतो. उरलेल्याला एक लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे 5 मिली, सौम्य द्रव साबण. संध्याकाळी फवार, पानांच्या खालून जास्त. साबण अंगावर पडला तरच मरतो, वाळलेल्या थराचा उपयोग नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा. आधी एका पानावर करून एक दिवस बघ.

आणि ते द्रावण फिल्टरच्या पाण्यात कर. नळाच्या पाण्यात साबणाचं काय होतं ते तू बाटलीत पाहिलंयस.